आजी ‘हाव’ म्हणेपर्यंत

पलूस तालुक्यातल्या आमच्या घरी माळ्यावर आजोबांची लोखंडी पेटी आहे. तीत एक खादीची टोपी आणि दोन वह्या. आजोबा प्रतिसरकारात होते. रेल्वे अडवणाऱ्या, तिजोऱ्या फोडणाऱ्या फळीत नाही, गावच्या न्यायमंडळात. १९४३ ते १९४६ या काळात जुन्या सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांनी इंग्रजी कचेरीकडे पाठ फिरवली आणि बांधाचे, कर्जाचे, नांदवण्याचे तंटे स्वतःच मिटवले. क्रांतिसिंह नाना पाटलांची घोषणा होती, ‘आपुला आपण करू कारभार’. मग १९४६ साली मुंबईत काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि हा कारभार आवरता घेतला गेला. आजोबा सांगायचे, “आपलं सरकार आलं, मग आपलं काय काम उरलं?” हे ते समाधानानं म्हणायचे की हळहळून, ते मला लहानपणी कळलं नाही. नंतर विचारायला ते राहिले नाहीत.

ऑक्टोबर २०२५ मध्ये बातमी आली. माओवाद्यांचा मोठा नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यानं ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. माझी भाची पुण्यात कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा लगेच फोन आला, “मावशी, बंदूकवाली क्रांती संपली असेल, तर तिथं आता काय उरलंय?” मी म्हटलं, जाऊन बघू. डिसेंबरमध्ये पाच दिवस काढले. मी किर्लोस्करवाडीला महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसले, ती पुण्याला चढली.

पहिला दिवस : नागपूर

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असताना नागपुरात पोचलो, त्यामुळे खोल्यांचे भाव चढलेले. केवळ हिंडायला जाणाऱ्यांनी तो आठवडा टाळावा. आंदोलनं बघायची असतील त्यांनी मात्र त्याच आठवड्यात जावं, कारण महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातली दुखणी तेव्हा यशवंत स्टेडियमजवळ एकाच रस्त्यावर बसलेली दिसतात. तर्री पोहे खाऊन आम्ही तिकडे गेलो. मोर्चे विधानभवनापर्यंत पोचत नाहीत, अलीकडेच अडवले जातात. मग लोक रस्त्यावर सतरंज्या टाकतात आणि शिष्टमंडळ आत जाऊन यायची वाट बघतात. यवतमाळकडून आलेल्या काही बायका फडक्यातली भाकरी सोडत होत्या. आम्हाला बसवून घेतलं, भाकरीवर ठेचा दिला. त्यांच्यातल्या एकीचं हे नववं वर्ष. दरवर्षी काय मिळतं, असं भाचीनं विचारलं. ती म्हणाली, “आश्वासन. पण न येणाऱ्याले तेही नाही मिळत.”

दुपारी दीक्षाभूमी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला ती ही जागा. स्तूपाच्या आत पाऊल ठेवलं की बाहेरचा रस्ता बंद केल्यासारखी शांतता. घुमटाखाली एक म्हातारे गृहस्थ नातवाला बावीस प्रतिज्ञा म्हणून दाखवत होते, नातू मधल्या दोन गाळत होता, आजोबा पुन्हा पहिलीपासून सुरू करत होते. २०२४ च्या जुलैमध्ये इथल्या भूमिगत वाहनतळाचं खोदकाम लोकांनी संतापून बंद पाडलं आणि सरकारला स्थगिती द्यावी लागली. आपल्या माणसाची जागा आपल्याला न विचारता खणली, हा तो राग होता.

बोधिवृक्षाखाली बसून आम्ही दोघी बराच वेळ बोललो. धर्मांतरानंतर महिनाभरानं, नोव्हेंबरमध्ये, बाबासाहेब काठमांडूला बोलले होते. बुद्ध आणि मार्क्स या दोघांनाही दुःख आणि शोषण संपवायचं आहे, फरक मार्गाचा आहे, असा त्यांचा मुद्दा होता. जबरदस्तीनं आणलेली समता जबरदस्ती उठली की टिकेल का, हा त्यांचा प्रश्न होता. माणसाचं मन बदललं तर तो आपणहून तसा वागेल, हे त्यांचं उत्तर होतं. क्रांतीबद्दल मी जे थोडंफार वाचलंय त्यात यापेक्षा नेमका प्रश्न मला सापडलेला नाही. पॅरिसच्या कम्यूनमध्ये १८७१ साली कामगारांनी ७२ दिवस शहर चालवलं आणि लष्करानं ते रक्तात बुडवलं. रशियात १९०५ मध्ये कामगारांनी स्वतःहून सोव्हिएतं, म्हणजे आपली निवडलेली मंडळं, उभी केली, १९१७ मध्ये ती पुन्हा उभी राहिली, आणि काही वर्षांत पक्षानं ती गिळली. क्रांती झाली की लोक आधी एकत्र बसायची जागा तयार करतात, आणि क्रांती जिंकली की आधी तीच जागा जाते. आजोबांच्या वह्या मला त्या झाडाखाली आठवल्या.

भाचीनं तिथंच मला एक अडचण घालून दिली. ती पुढचे चार दिवस आमच्याबरोबर चालली. “मावशी, तू ज्या गावात मला नेतेस तिथं गाव हेच सरकार आहे म्हणतात. पण बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत गावाबद्दल काय म्हटलं होतं? संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाचा अड्डा. मसुद्यात गाव हा घटक न धरता व्यक्ती धरली, याचं त्यांना समाधान होतं.” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, हा प्रश्न पिशवीत घाल, तिथं काढू.

दुसरा दिवस : सेवाग्राम आणि पवनार

सकाळच्या गाडीनं वर्धा, तिथून रिक्षानं सेवाग्राम. गांधीजी १९३६ मध्ये इथं आले तेव्हा हे शेगाव होतं. बापूकुटीत मातीच्या भिंती, बांबूच्या ताट्या, खाली चटई. व्हाइसरॉयनं बसवून दिलेला टेलिफोनही आहे. साम्राज्याला या झोपडीशी बोलण्याची गरज वाटली, हे त्या यंत्राकडे बघून मला नव्यानं समजलं. जुलै १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीनं ‘चले जाव’चा ठराव आधी वर्ध्यात केला आणि मग तो मुंबईला गेला. आमच्याकडचं प्रतिसरकार त्याच ठरावाच्या पोटातून निघालेलं, म्हणून मी त्या ओसरीवर जरा जास्तच रेंगाळले.

सेवाग्रामला राहायचं असेल तर आश्रमासमोर यात्री निवास आहे, साधं आणि स्वच्छ. संध्याकाळची सर्वधर्म प्रार्थना चुकवू नका. पिंपळाखाली जमिनीवर बसायचं असतं आणि थंडीत जमीन गारठते, शाल हवीच. वर्ध्यातून गोरसपाक घ्या. दोन पुडे घेतलेत तर एक वाटेतच संपेल.

पवनार धाम नदीच्या काठावर आहे. विनोबांनी १९५९ मध्ये इथं ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं, स्त्रियांनी स्वतःच्या साधनेनं चालवायचा आश्रम. आता बहिणी थोड्या उरल्यात, बहुतेक वयस्क. एक बहीण भाजी निवडत होत्या, आम्हीही बसलो. मेथी निवडता निवडता त्यांनी सांगितलं की आश्रमाचा कोणताही निर्णय सर्वसहमतीनं होतो. एकीचं पटलं नाही तर तो तसाच राहतो.

भाचीनं विचारलं, “मग कामं अडत नाहीत?”

“अडतात ना,” त्या म्हणाल्या, “पण नंतर कुणी रुसून बसत नाही.”

विनोबांचा माझ्या मनातला गुंता तिथंही सुटला नाही. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणात पोचमपल्लीला दलित कुटुंबांनी ८० एकर मागितले आणि एका जमीनदारानं १०० एकर देऊन टाकले. ज्या मुलखात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा जमिनीसाठीच चालला होता, तिथं हा माणूस पायी हिंडून जमीन मागत होता. त्यातून भूदान, पुढे ग्रामदान. मला हे विलक्षण वाटतं. पण दान मिळालेली पुष्कळ जमीन कागदावरच राहिली, हेही खरं. आणि १९७५ मध्ये विनोबांचा ‘अनुशासनपर्व’ हा शब्द सरकारनं आणीबाणीच्या समर्थनासाठी भिंतीभिंतीवर रंगवला, तेव्हा ५ जून १९७४ ला पाटण्याच्या गांधी मैदानावर संपूर्ण क्रांतीची हाक देणारे त्यांचेच सहकारी जयप्रकाश नारायण तुरुंगात होते. सर्वोदयाचं घर त्या वर्षी दुभंगलं. नदीकाठच्या पायऱ्यांवर बसून मी भाचीला हे सांगितलं. तिला विनोबा शाळेच्या धड्यापुरतेच माहीत होते.

तिसरा दिवस : गडचिरोलीची वाट

नागपूरहून ठरवलेली गाडी आलीच नाही, फोनही बंद. तासभर वाट बघून एसटी पकडली. आता वाटतं तेच बरं झालं. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी असा मुलूख खिडकीतून हळूहळू बदलताना दिसतो. कापसाची शेतं मागे पडतात, धानाच्या बांध्या सुरू होतात. पीक निघालेलं, धसकटांत लाखोळी हे कडधान्य उगवलेलं. वैनगंगेचा पूल ओलांडला की आरमोरी, आणि तिथून पुढे झाडी रस्त्याला येऊन भिडते.

शेजारी एक शिक्षक बसले होते, दुर्गम तालुक्यात पंधरा वर्षं नोकरी केलेले. भूपतीच्या शरणागतीबद्दल विचारलं तर ते बराच वेळ बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “माझ्या शाळेतली तीन पोरं दोन्हीकडे गेली. दोन पोलिसात, एक जंगलात.” यापुढे ते काही बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. १९८० च्या सुमारास आंध्रातून नक्षलवाद्यांची दलमं, म्हणजे सशस्त्र तुकड्या, या बाजूला आली. तेंदूच्या मजुरीसाठी, जंगल खात्याच्या जाचाविरुद्ध ती उभी राहिली म्हणून लोकांनी त्यांना भाकरी दिली. मग खबऱ्या म्हणून गावातलीच माणसं मारली जाऊ लागली, आणि दुसऱ्या बाजूनं माओवादी म्हणूनही गावातलीच माणसं उचलली जाऊ लागली. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा गाडीचालक गेला. ज्यांच्या नावानं क्रांती चालली होती त्यांना तिच्यात काय ठरवता येत होतं? माझा आक्षेप तिथं आहे. बंदूक कुणाचीही असो, तिच्यासमोर ‘नाही’ म्हणता येत नाही.

गडचिरोलीत मुक्काम. चौकाचौकात खर्रा घोटणारी माणसं, तंबाखू-सुपारीचा वास. दुकानदार आम्हाला म्हणाले, “तुम्ही नका खाऊ जी, सुटत नाही.” पुढे जाणाऱ्यांसाठी: रोख पैसे इथंच काढून घ्या, डासांसाठी मलम आणि मच्छरदाणी जवळ ठेवा (मलेरियाचा जिल्हा आहे), आणि आतल्या रस्त्यांवर अंधार पडायच्या आत पोचा.

चौथा दिवस : मेंढा

धानोरा रस्त्यानं सुमारे तीस किलोमीटर. लेखा गाव गेलं की मेंढा. कागदोपत्री नाव मेंढा (लेखा). शंभरेक घरं, बहुतेक सगळी गोंड. शेणानं सारवलेली अंगणं, कुडाची कुंपणं, पलीकडे कठाणी नदी. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा कितीदा वाचली होती. आजोबांचं वाक्य आणि ही घोषणा एकमेकांसमोर ठेवली की मला इथं का यायचं होतं ते कळेल. दिल्लीत आणि मुंबईत सरकार आपलंच आहे, हे मान्य. तरी गावातलं काम संपत नाही.

गावात लॉज नाही. आधी फोन करून, कशासाठी येतोय ते सांगून, परवानगी घेऊनच जावं. हे प्रेक्षणीय स्थळ नाही. आम्ही एका कुटुंबाकडे राहिलो. “जोहार” म्हणून त्यांनी हात जोडले, अंगणात खाट टाकली, काळा चहा आला. जेवायला भात, लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी, पोपटाच्या (वालाच्या) शेंगा उकडून, वाळवलेल्या वास्त्यांचं कालवण आणि जवसाची चटणी. वास्ते म्हणजे बांबूचे कोंब. आंबूस वास असतो, पहिल्या घासाला नको वाटतात, चौथ्या घासाला परत वाढून घेतो.

घरचे दादा अभ्यास गटात बसणारे. त्यांनी सांगितलेली गोष्ट लांब आहे, मी थोडक्यात लिहिते. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन झालं. धरणं थांबली. मोर्चाहून परतलेल्या मेंढ्याच्या लोकांना प्रश्न पडला की जंगल वाचवलं, पण जंगल आपलं आहे का? मग त्यांनी आपला मोडलेला घोटुल पुन्हा बांधायला घेतला. घोटुल म्हणजे तरुण मुलामुलींनी एकत्र जमायचं, शिकायचं घर. परंपरेप्रमाणे सागाचं लाकूड वापरलं, म्हणून वनखात्यानं तो पाडला. त्यावर मोर्चा निघाला नाही, तहसील जाळलं नाही. आजूबाजूच्या गावांनी आपापल्या गावात घोटुल उभे केले. किती पाडणार? खातं थांबलं.

याच सुमाराला मोहन हिराबाई हिरालाल इथं आले. जयप्रकाशांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून घडलेले, १९८४ मध्ये चंद्रपुरात ‘वृक्षमित्र’ सुरू केलेले. संपूर्ण क्रांती गावात कशी दिसेल, हे शोधत ते हिंडत होते. त्यांनी गावाला संघटना दिली नाही, अभ्यासाची बैठक दिली. गावातून देवाजी तोफांसारखी माणसं पुढे आली. अभ्यास गटात कुणीही बसावं, बाहेरचा माणूसही बोलवावा, कायदा वाचावा, वाद घालावा. पण अभ्यास गट निर्णय घेत नाही. निर्णय फक्त ग्रामसभा घेते, आणि तोही सर्वसहमतीनं. दारू बंद झाली ती अशीच, चर्चा लांबत लांबत. जंगलाला वणवा लावणं थांबलं, मधमाश्या न मारता मध काढायचं ठरलं.

२००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा या गावाला त्यात काय लिहिलंय ते वाचायची सवय आधीच होती. २००९ मध्ये सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू तोडून विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात. बांबू म्हणजे झाड की गवत, हा वाद दिल्लीपर्यंत गेला. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण याच गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढं ग्रामसभेनं स्वतःचं पॅन कार्ड काढलं, व्यापाऱ्यांशी स्वतः व्यवहार केला. २०१३ मध्ये गावानं विनोबांचं ग्रामदान स्वीकारलं. जमीन ग्रामसभेच्या नावावर, कसणार ज्याची तोच, बाहेरच्याला विकायची नाही. कायदा १९६४ चा होता, कपाटात पडलेला. पवनारच्या पायऱ्यांवर मला जो विनोबा अर्धवट वाटला होता, तो इथं माणसांच्या सातबाऱ्यावर भेटला.

रात्री जेवणं झाल्यावर बैठक. बाया उजवीकडे, पुरुष डावीकडे, मधे शेकोटी. बोलणं गोंडीत. दादा आमच्या कानाशी मराठीत सांगत होते. विषय साधा होता: यंदा बांबूची तोड जंगलाच्या कोणत्या बाजूनं सुरू करायची. एका बाजूवर जवळपास सगळ्यांचं जमलं होतं. ट्रक जवळ येतो, मजुरी लवकर सुरू होते. तेवढ्यात मागून एक आजी काहीतरी म्हणाल्या, अगदी हळू. सभा थांबली.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“म्हणते, तिकडचा बांबू अजून कोवळा आहे. मागच्या साली तोडला तेव्हा जास्तच तोडला.”

एका तरुणानं त्यावर जोरात काहीतरी सांगितलं. आजींनी मान हलवली, शब्द बोलल्या नाहीत. मग जे झालं ते मी आयुष्यात कोणत्याही बैठकीत पाहिलेलं नाही. कुणी हात वर करायला सांगितले नाहीत. कुणी म्हटलं नाही की आजी एकट्या आहेत. बराच वेळ सगळे गप्प. शेकोटीत कुणीतरी लाकूड सरकवलं. मग ठरलं की सकाळी आजींबरोबर चार-पाच जणांनी जाऊन बघायचं, आणि विषय पुढच्या बैठकीवर.

परत येताना भाचीनं पिशवीतला प्रश्न काढला. दादांना म्हणाली, “दादा, इथं सगळे एकाच समाजाचे. आमच्याकडे गावात वाडा वेगळा, वस्ती वेगळी. तिथं सर्वसहमती म्हटलं तर गरीब माणूस भीतीनंच हो म्हणेल. तिथं मत लपवून देता यायला हवं.”

दादा थोडं चालून गेल्यावर म्हणाले, “बरोबर आहे जी. इथंही कोणी मुकाट बसला तर आम्ही त्याले हाव नाही धरत. घरी जाऊन पुसतो. पण तुमच्या गावचं मी कसं सांगू? ते तुम्हालेच बसून पाहावं लागेल.”

इकडे ‘हाव’ म्हणजे ‘हो’. मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं. बाबासाहेबांचा आक्षेप मेंढ्यात खोटा ठरत नाही. इथं जमिनीची दरी मोठी नव्हती, शिवाशिव नव्हती, म्हणून एका माणसाचा नकार हे संरक्षण होऊ शकलं. जिथं पाटलाचाच नकार चालतो तिथं तो नकार जुलूम होईल. आमच्या तालुक्यात मेंढा जसाच्या तसा उचलून नेता येणार नाही. आणि दुसरी गोष्ट, मेंढ्याच्या जमिनीखाली लोखंड नाही. याच जिल्ह्यात एटापल्लीकडे सूरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे, तिथं खाणी चालू आहेत. २०२३ मध्ये तोडगट्टा इथं नव्या खाणींविरुद्ध ग्रामसभांनी कित्येक महिने धरणं धरलं. ‘मावा नाटे, मावा राज’, आमच्या गावी आमचं राज्य, ही गोंडी घोषणा तिथंही होती, आणि शेवटी ते आंदोलन पोलिसांनी उठवलं. बांबूचा परवाना द्यायला मुख्यमंत्री गावात येतात, मग लोखंडाबद्दल ग्रामसभेला विचारायचं का टाळलं जातं? कायदा तर दोन्हीकडे तोच आहे. याचा मला राग आहे.

रात्री थंडी भयंकर होती. घरच्या वहिनींनी आमच्या अंगावर तिसरी गोधडी टाकली आणि खाटेखाली निखाऱ्यांचं घमेलं सरकवलं.

पाचवा दिवस : जंगल, आणि परत

पहाटे धुक्यात निघालो. आजी सगळ्यांत पुढे, अनवाणी, हातात विळा. वाटेत त्यांनी मोहाची झाडं दाखवली. प्रत्येक झाडाखाली कोण वेचतं हे त्यांना पाठ. मला गोंडी येत नाही आणि त्यांना मराठी जेमतेम, तरी त्या माझा हात धरून ओहोळ ओलांडवत होत्या.

बांबूच्या बेटाशी पोचल्यावर त्यांनी एका खोडावरचा कोरडा पापुद्रा नखानं ओढून दाखवला. तो असला की बांबू कोवळा. जुना बांबू गुळगुळीत, पिवळट, ठोकला तर टणक वाजतो. त्यांनी विळ्याच्या मुठीनं एकेक खोड ठोकत बेटाला फेरी घातली. रात्री जोरात बोललेला तरुणही होता. तो आधी उभा राहून बघत होता, मग स्वतः ठोकायला लागला. तीन बेटं बघितली. दुसऱ्या बेटात त्याचं बरोबर निघालं, पहिल्या आणि तिसऱ्यात आजींचं. भांडण झालं नाही. दोघं वाकून मोजत होते आणि मोठमोठ्यानं गोंडीत बोलत होते, आणि मधेच हसत होते. भाचीनं वही काढली होती, पण तिनं काही लिहिलं नाही.

जंगलात जाणार असाल तर: एकट्यानं जाऊ नका, गावातलं माणूस सोबत हवंच, आणि काहीही तोडू-उचलू नका. कपड्यांना चिकटेल असं गवत भरपूर आहे, सलवारीपेक्षा जाड पँट बरी. पाणी सोबत न्या.

दुपारच्या बसनं आम्हाला निघायचं होतं. बैठक दोन दिवसांनी. फाट्यावर दादा सोडायला आले, पोपटाच्या शेंगांची पिशवी दिली. बस येईपर्यंत मी त्यांना आजोबांच्या न्यायमंडळाबद्दल सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “मग बंद काहून केलं?” मी आजोबांचंच वाक्य सांगितलं, की आपलं सरकार आलं म्हणून. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना ते कारण समजलं नाही, असं मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

घरी आल्यावर मी माळ्यावरची पेटी खाली काढली. दोन्ही वह्या वाळवीनं कडेला खाल्ल्यात, मधली पानं शाबूत आहेत. एका पानावर पाणंदीच्या वाटेचा तंटा आहे, चार बैठका झालेला. भाचीला त्याचे फोटो पाठवले. ती आता तारखा लावत बसली आहे.

दहा दिवसांनी दादांना फोन केला. बांबूचं ठरलं का?

“नाही जी अजून,” ते म्हणाले. “आणखी दोघं आजीच्या बाजूनं झाले.”